चिखल वेगळा, गटार वेगळं

प्रिय ताई,

आम्ही कांदिवली पूर्वेला सतराव्या मजल्यावर राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. नवरा राजापूरकडच्या एका गावात वाढला. पऱ्ह्यात (ओढ्यात) डुंबणं, गुरांमागे हिंडणं, लावणीच्या दिवसांत खाचरात लोळणं असं त्याचं बालपण. आमच्या सोसायटीत पोडियमवर बाग आहे, पण तिथे खाली रबरी मॅट आणि प्लास्टिकची हिरवळ. गेल्या पावसाळ्यात मुलांनी कुंडीतली माती उकरली, तर सेक्रेटरींनी ग्रुपवर फोटो टाकला. शेवटी मी दोघांना एका ‘मड पार्टी’ला नेलं. माणशी बाराशे रुपये, नव्वद मिनिटं. मुलगा रमला, पण मुलीच्या पायाला चिखल लागला मात्र, ती ‘पाय घाण झाला, धुऊन दे’ म्हणत रडायला लागली आणि शेवटपर्यंत बाकावरून उतरली नाही. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या म्हणतात, पावसात मुलांना बाहेर काढलंस तर लेप्टोचा ताप येईल. नवरा म्हणतो, मुलांचं बालपण वाया चाललंय, मुंबई सोडू, गावी जाऊ. मी बँकेत आहे, बदली मागितली तर मिळेलही. पण हे खरंच इतकं गरजेचं आहे का? मुंबईत राहून मुलांना चिखल मिळूच शकत नाही का?

– एक आई, कांदिवली

प्रिय मैत्रिणी,

बाराशे रुपयांचा नव्वद मिनिटं चिखल! तोही माणशी! मी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. असो, ते पैसे गेले. तुमच्या पत्रातलं मला टोचलं ते दुसरंच. ‘पाय घाण झाला.’

सात वर्षांच्या पोरीने हा शब्द कुठून उचलला ते शोधायला लांब जायला नको. घरोघरी हाच घोष चालू असतो. खाली पडलेलं बदामाचं पान उचललं, ‘टाक ते, घाण आहे.’ मांजराला हात लावला, ‘घाण.’ जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण, कुंडीतली माती, सगळं घाण. मराठीत ओल्या जमिनीला शब्द काय कमी आहेत? चिखल, राड, गाळ, रेंदा, दलदल. लावणीआधी खाचर नांगरून लोण्यासारखं मऊ करतात त्याला तर चिखलणी असं स्वतंत्र नाव आहे. शहरात येऊन आपण ते सगळे शब्द एका ‘घाण’मध्ये कोंबले. परिणामी मुंबईत ज्याला खरोखर घाबरायला हवं ते आणि ज्याला घाबरायचं काही कारण नाही ते, एकाच गाठोड्यात बांधलं गेलं. मग एक तर सासूबाईंसारखं सगळ्यालाच भ्यायचं, नाहीतर तुमच्या यजमानांसारखं वैतागून थेट गाव गाठायचं. तेव्हा आधी ते गाठोडं सोडू.

सासूबाईंचा लेप्टो खरा आहे, त्यांना उडवून लावू नका. उंदीर-घुशींच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून ते जंतू पाण्यात-मातीत येतात आणि आपल्या अंगावरच्या जखमेतून, खरचटलेल्या कातडीतून, डोळ्या-तोंडातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण कसे वाढले होते ते माझ्या पिढीला चांगलंच आठवतं. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. शाळेतून घरी येताना कमरेएवढ्या पाण्यातून आला, वर मित्रांबरोबर हसत-खिदळत. आठ दिवसांनी त्याला ताप चढला. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंतचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ताप साधा निघाला. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक रेघ पक्की आहे: रस्त्यावर तुंबलेलं पाणी म्हणजे गटाराचं पाणी. ते घोट्याएवढं असो, दिसायला कितीही मजेचं असो, त्यात मुलांनी उड्या मारायच्या नाहीत. सबवेत, नाल्याच्या कडेला, मार्केटच्या मागे, कचराकुंडीजवळ, जिथे उंदरांची बिळं दिसतात तिथे नाही म्हणजे नाही. नाइलाजाने तशा पाण्यातून चालावंच लागलं, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक औषधाचं विचारायचं. आपली महापालिका दर पावसाळ्यात हे सांगत असते. मोठ्यांच्या गोळ्या मुलांना परस्पर देऊ नका. तुमची दोन्ही आठच्या आतली आहेत, त्यांचं औषध वेगळं असतं.

आता याच्या उलट बाजू. झाडाखालची, पाऊस मुरणारी, कचऱ्यापासून दूरची माती. तिच्यात धोका शून्य असतो असं मी म्हणणार नाही. लेप्टोचे जंतू ओल्या मातीतही तग धरतात, कोकणातल्या भातशेतीतही हा आजार होतो. पण तिथली काळजी आपल्या आवाक्यातली असते: पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखल नाही, खेळून झाल्यावर साबणाने हातपाय स्वच्छ, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आलाच तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं, ‘पोरं चिखलात खेळली होती.’ एवढं एक वाक्य सांगितलं तर डॉक्टर योग्य दिशेने तपासायला लागतात. सांगायचंच आपण विसरतो.

हे किती शेजारी-शेजारी असतं ते तुम्हाला कांदिवलीतच दिसेल. तुमच्याकडून पोयसर वाहते ना? लोक तिला नाला म्हणतात. ती नदी आहे, नॅशनल पार्कच्या डोंगरात उगम पावते. पलीकडची दहिसर नदीही तशीच, तुळशी तलावाकडून येणारी. जंगलात असेपर्यंत दगडांतून खळाळणारं पाणी, आणि वस्तीत शिरलं की काळं. नदी एकच. एका रविवारी मुलीला दोन्ही ठिकाणी उभं करा आणि विचारा, ‘यातलं घाण कुठलं?’ तिला अचूक कळेल. शब्द वापरायचा कुठे, एवढंच शिकवायचं आहे तिला. (पावसाळ्यात पार्कातल्या ओढ्यांत मात्र उतरू नका. वर डोंगरात सर आली की खाली पाणी कधी चढेल याचा नेम नसतो.)

बाकीच्या भीती भराभर सांगते, कारण त्यांच्यावर उपाय साधे आहेत. जंत: अनवाणी पायांतून शिरणारे जंत असतात, म्हणून जिथे माणसं किंवा कुत्री उघड्यावर शौचाला बसतात अशा जागी चप्पल हवी. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर खेळणं हा मुंबईच्या पोरांचा जन्मसिद्ध हक्क असला, तरी ती वाळू म्हणजे मांजरांचा संडास असतो हे ध्यानात ठेवा. नखं कापलेली हवीत. जंताची गोळी सरकारी मोहिमेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला देतात, ती चुकवू नका. धनुर्वात: मुलीचा पाच वर्षांचा बूस्टर झालाय का ते कार्डावर बघा, मुलाचा पुढच्या वर्षी येईल, आणि मग दहाव्या वर्षी पुन्हा. कुत्रा चावला किंवा ओरबाडलं, तर जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच इंजेक्शनाला पळायचं. हळद वगैरे लावत बसायचं नाही. डेब्रिज टाकलेली जमीन नको, तिच्यात काचा आणि खिळे असतात. जुन्या इमारतीचा रंग खरवडून खाली पडतो तिथली मातीही नको. घरगुती रंगांतल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून आली, पण भिंतींवरचे जुने थर त्याच्या आधीचे. आणि पावसाळ्यात बागेत ती मोठी शंखाची गोगलगाय दिसते, ती पाहायची, काडीने हलवायची, उचलायची नाही. झालं. एवढीच यादी. ती फ्रिजवर लावा, आणि जे या यादीत नाही त्याला ‘घाण’ म्हणणं उद्यापासून बंद.

‘इतकं गरजेचं आहे का’ असं तुम्ही विचारलंत. चिखलात न खेळलेली मुलंही वाढतात, शिकतात, नोकऱ्या करतात. तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. पण मी गरजेचं मानते, आणि माझ्याकडे त्याची दोन कारणं आहेत जी मोजून झालेली आहेत. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाच्या, शाळेत रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी पाहिलं तर त्या शाळांमध्ये ३०.४ टक्के मुलांना लांबचा चष्मा लागण्याइतका दोष आला होता, आणि नेहमीसारख्या चालणाऱ्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना. बाहेरच्या उजेडाचा एवढा फरक. दुसरं फिनलंडचं. तिथे काही पाळणाघरांच्या खडी-सिमेंटच्या अंगणात जंगलातली माती आणि गवत आणून अंथरलं, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यात रोज खेळू दिलं. अठ्ठावीस दिवसांत मुलांच्या कातडीवरच्या निरुपद्रवी जिवाणूंची विविधता वाढली, आणि रोगप्रतिकाराच्या काही खुणा रक्तात चांगल्या दिशेने हलल्या. हे २०२०चं. प्रयोग छोटा होता, त्यावरून ‘माती खाऊ घाला, दवाखाना विसरा’ असं काढणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. लस आणि साबण कुठेही जात नाहीत.

मला स्वतःला मात्र तिसरंच कारण मोठं वाटतं, आणि ते मोजता येत नाही. मी परळच्या एका बालवाडीत बत्तीस वर्षं शिकवलं. आमच्या वर्गाच्या मागे, गोदामाची भिंत आणि आमची भिंत यांच्यामध्ये, जेमतेम चार फूट रुंद मातीची पट्टी होती. तिथला नळ कायम ठिबकायचा. एक मुलगा होता, तुमच्या लेकीसारखाच. खळ हाताला लागली तरी हात हवेत धरून उभा राहायचा, कुणीतरी येऊन धुऊन देईपर्यंत. त्याला मी कधी ‘हात घाल’ म्हटलं नाही. पहिल्या आठवड्यात त्याला एक जुना चमचा दिला. तो चमच्याने माती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेत राहिला. मग काडी. मग ‘या काडीचं टोक पुसून घे रे’ म्हटलं की एक बोट. तीन आठवडे त्याची मजल तेवढीच.

मग एके दिवशी त्या ठिबकणाऱ्या नळाखाली पैसा निघाला. पैसा म्हणजे तो तपकिरी, शेकडो पायांचा किडा, हात लावला की गुंडाळी होऊन नाण्यासारखा पडून राहतो. माझा हा हिरो उकिडवा बसला. काडीने टोचलं, किडा गोल झाला. आता तो उलगडणार कधी? हा बघत बसला. पाच मिनिटं, सात मिनिटं. बाकीची पोरं कंटाळून निघून गेली. हा हलेना. बसून पाय अवघडले तेव्हा त्याने एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा, मग गुडघेही. आणि पैसा हळूच उलगडून चालायला लागला, तो सरळ याच्या बोटांवरून. मी दारातून बघत होते. तो ओरडलाही नाही. ‘बाई, गुदगुल्या,’ एवढंच म्हणाला. कोपरापर्यंत चिखल होता आणि त्याला पत्ता नव्हता. (पैसा हाताळला तर नंतर हात धुवायचे, त्याचा रस डोळ्यांना झोंबतो. आणि घोण ओळखायला शिकवा: पैसा गोल होतो, घोण पळते, आणि ती चावते.)

तुमच्या लेकीचं तसंच करा. तिला चिखलात नेऊन उभं करू नका. त्या मड पार्टीत शंभर पोरं, कर्कश गाणी, कंबरेला माइक लावलेली ताई ‘चला, आता सगळे लोळा’ म्हणतेय, मीसुद्धा बाकावरून उतरले नसते. गॅलरीत एक घमेलं ठेवा, नर्सरीतून लाल मातीची एक पिशवी आणा, शेजारी पाण्याचा तांब्या. चमचा, गाळणी, चहाचे जुने कप. बाजूला ओला पंचा, की वाटलं तेव्हा हात पुसता येईल. हा पंचा महत्त्वाचा. हात पुसायची सोय हाताशी आहे हे दिसलं की मूल पुढे धजावतं. भाऊ आपोआप येईल आणि सगळं सांडेल, त्याला सांडू द्या. महिना-दीड महिना धीर धरूनही तिचं रडणं तसंच राहिलं, आणि सोबत कपड्यांचं लेबल टोचणं, केस विंचरू न देणं, ठरावीक चारच पदार्थ खाणं असलं काही असेल, तर एकदा बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. घाबरायचं नाही, पण काही मुलांना स्पर्शच जास्त बोचतो आणि त्यासाठी मदत मिळते.

आता बाहेर. मुंबईत जागाच नाही हे अर्धंच खरं. तुमच्यापासून रिक्षाने थोडक्यात नॅशनल पार्क. जगात किती महानगरांच्या आत शंभर चौरस किलोमीटरचं जंगल असतं? सकाळी उघडल्या उघडल्या जा, सोमवारी बंद असतं. बिबट्याचं जंगल आहे, तेव्हा मुलं हाताच्या अंतरावर आणि संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर. मध्य मुंबईतल्या वाचकांसाठी सायन-वांद्रे लिंक रोडवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी तिथे शहराचा कचरा पडायचा, आज मिठीच्या काठी दाट झाडी आहे. दादरकरांना शिवाजी पार्क सांगायला नको. आणि समुद्र तर सगळ्यांचाच. ओहोटी कधी ते ॲपवर बघू नका, सासूबाईंना विचारा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे त्यानंतर सहा तासांनी, सकाळी साडेआठच्या सुमाराला, ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, संध्याकाळी साडेपाचला पाणी मागे. मनोरी-गोराईकडच्या ओल्या वाळूत पाणी मागे जाताना जी नक्षी उमटते आणि खेकड्यांच्या बिळांभोवती वाळूच्या मोत्यांची जी रांगोळी असते, ती एकदा दाखवा. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, आणि किनाऱ्यावर निळा फुगा पडलेला दिसला तर हात लावायचा नाही, तो डंख मारतो.

पण ही सगळी ठिकाणं मी सांगितली म्हणून दर रविवारी एक अशी उरकू नका. मुंबईच्या आईबापांची ही खोडच आहे, सगळ्याचा कार्यक्रम करायचा. एकच जागा धरा. घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरची, अगदी साधी, एक झाड आणि चार हात उघडी माती एवढी असली तरी पुरे. तिथे दर आठवड्याला त्याच दिवशी जायचं, पाऊस असो नसो. तिसऱ्या-चौथ्या वेळी मुलांना तिथले दगड ओळखीचे होतात, ‘आपला खड्डा’ तयार होतो, गेल्या आठवड्यातली मुंग्यांची रांग कुठे गेली याची चौकशी सुरू होते. पहिल्या फेरीला मुलं ‘आता काय करायचं?’ विचारतात. तेव्हा उत्तर देऊ नका, थर्मासमधला चहा प्या. ती वीस मिनिटं कंटाळतील, चिडचिड करतील, आणि मग काहीतरी सुरू होईल. एक मोजून बघा: दहा मिनिटांत आपण किती वेळा ‘पडशील’, ‘नको’, ‘जपून’, ‘इकडे बघ, फोटो’ म्हणतो. मी एकदा बागेत शेजारच्या बाकावरच्या आईचं मोजायला घेतलं होतं, मग मलाच दम लागला.

कपडे जुने सुती. परतताना सगळ्यांना रिक्षात बसवायच्या आधी सीटवर वर्तमानपत्र किंवा जुनी चादर, नाहीतर रिक्षावाले काका पुढच्या खेपेला थांबणार नाहीत. चिखलाचे कपडे ओले असताना चोळू नका, वाळू द्या, झटका, मग भिजवा. लाल मातीचा डाग तरीही राहतो. राहू द्या.

आता यजमानांचं. त्यांच्या तळमळीला मी नावं ठेवणार नाही. पण त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला: ते सकाळी किती वाजता घराबाहेर पडतात आणि रात्री किती वाजता येतात? त्यांचं बालपण खाचरात गेलं कारण त्यांचे आईवडील खाचरात होते. मुलगा तिथे खेळायला ‘नेलेला’ नव्हता, तिथे काम चालू होतं आणि तो त्यात लुडबुडत होता. गावी बिऱ्हाड नेऊन बाबा दिवसभर लॅपटॉपसमोर आणि मुलं शाळेच्या व्हॅनमध्ये, असं झालं तर चिखल दारात असूनही पाय कोरडेच राहतील. आजकाल गावोगावी हे दिसतं. नोकरी, म्हातारपण, घर, दुसऱ्या कशासाठी गावी जायचं असेल तर जरूर जा. चिखलासाठी बदली मागू नका.

दुसरा प्रश्न: मुलांना गावी नेता ते कोणत्या महिन्यात? मे महिन्यात, हो ना? सगळी मुंबई मेमध्येच जाते. मेमध्ये गावी आंबे असतात, करवंदं असतात, आणि जमीन असते ती पायाला चटके देणारी, तडकलेली. तुमच्या मुलांनी बाबांच्या आठवणीतलं गाव अजून पाहिलेलंच नसेल! तो चिखल जुलैत असतो. चार दिवस शाळा बुडवा. हो, मी, बत्तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई, हे सांगते आहे. लावणी चालू असेल अशा आठवड्यात जा, कोकण रेल्वे पावसात सावकाश चालते तेवढं धरून निघा, आणि मुलांना हातात रोपांची एक जुडी द्या. रोप वाकडं लागलं तरी कुणी रागवत नाही, मागची बाई ते सरळ करून पुढे जाते.

‘शाळा बुडवा’ म्हटल्यावर कुणी भुवया उंचावतील, म्हणून आपल्याच घरातलं एक उदाहरण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५पासून बोर्डीला आणि पुढे १९५७पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर काम करत होत्या. वारली पोरं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येत नव्हती. तर या बायांनी पोरांना ओढून वर्गात बसवलं नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! गुरं चरतायत, पोरं झाडाखाली शिकतायत, आणि साहित्य काय, तर शिंपले, बिया, पानं, खडे. बालशिक्षणातलं आपलं हे एवढं मोठं काम मुंबईपासून काही तासांवर झालं, आणि आपण ‘आउटडोअर लर्निंग’ हे परदेशातून आलं असं समजून त्याची फी भरतो.

सासूबाईंबद्दल एक गंमत तुमच्या लक्षात आली का? तुमच्या नवऱ्याला पऱ्ह्यात डुंबू देणारी बाई हीच! तेव्हा घाबरली नाही ती आता घाबरते, कारण तिथली माती तिच्या ओळखीची होती आणि इथली नाही. त्यांना एका संध्याकाळी चहा देऊन विचारा, ‘आई, हे चिखलाने माखून आले की तुम्ही काय करायचात?’ मला खात्री आहे, मागल्या दारी दगडावर उभं करून तांब्याने पाणी ओतायच्या, आणि मगच घरात घ्यायच्या. तोच नियम सतराव्या मजल्यावर चालू करा. दारात पायपुसणं, बाथरूमपर्यंत वर्तमानपत्रं, आणि पाणी ओतायचं काम सासूबाईंकडे. फ्रिजवरच्या यादीचा ताबाही त्यांच्याचकडे द्या. कुठलं पाणी चालेल आणि कुठलं नाही, हे त्या तुमच्यापेक्षा कडक बघतील.

राहिले सेक्रेटरी. त्यांच्याशी आत्ता भांडू नका, ग्रुपवर तर मुळीच नको. कुंड्या कुणीतरी निगुतीने लावलेल्या असतात, त्या उकरल्यावर राग येणारच. दिवाळीच्या महिनाभर आधी त्यांच्याकडे जा आणि अगदी नम्रपणे म्हणा, ‘या वर्षी मुलांना सोसायटीत महाराजांचा किल्ला करायचाय.’ शिवाजी महाराजांच्या किल्ल्याला नाही म्हणणारा सेक्रेटरी मुंबईत अजून जन्माला यायचाय. पोडियमचा एक कोपरा, खाली जाड प्लास्टिक, म्हणजे त्यांच्या टाइल्सना काही होत नाही. लालबागच्या आमच्या चाळीत आम्ही तो करायचो तसाच करा. आधी विटा-दगडांचा डोंगर रचायचा. त्यावर वाण्याकडून आणलेलं गोणपाट पाण्यात भिजवून अंथरायचं, नीट दाबून, की खोबणी दिसतील. मग माती चाळून, कालवून, थापून थापून लिंपायची. ही थापायची पाळी मुलांची, त्यात मोठ्यांनी हात घालायचा नाही, बुरूज कलला तर कलला. तुमची लेक चमचा घेऊन आली तर तिला तटबंदीवरच्या पायऱ्या कोरायला द्या, त्या कामाला चमचाच लागतो. आणि यजमानांना सांगा, लाल मातीचं पोतं खांद्यावरून आणायचं काम त्यांचं, लिफ्टमध्ये सांडलं तर पुसायचंही. हळीव वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरा, रोज सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडा, पाइपने नको, माती वाहून जाते.